मालवणातली खानावळ-कम-लॉज : जून ते जत्रा राहून झालेला अनुभव

कामाच्या साइटमुळे मालवणात लांबचा मुक्काम पडला. पावसाच्या तोंडावर आलो आणि आंगणेवाडीची जत्रा उरकल्यावर सामान हलवलं. मधला सगळा काळ बाजारपेठेतल्या एका घरगुती लॉजवर काढला. नाव मुद्दाम देत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि माणसं घरची आहेत.

इथल्या सोयी-गैरसोयी कळायच्या तर आधी घराचा इतिहास ऐकावा लागतो. ही मुळात खानावळ, खोल्या मागाहून आल्या. लॉजचे मालक म्हणजे काका, त्यांच्या आजीनं ती बोटीच्या गिऱ्हाइकावर सुरू केली. तेव्हा मुंबई गाठायची म्हणजे भाऊचा धक्का. मालवणचा किनारा खडकाळ, त्यामुळे आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी पडावातून ये-जा करायची. बोटीला उशीर झाला की चाकरमानी आजीच्या पडवीत पथारी टाकत. पैसे जेवणाचे, झोपायचं फुकट. पावसाळ्यात बोट बंद, मग चूलही निम्मी थंड.

एसटीनं ते गिऱ्हाईक हळूहळू ओढून नेलं. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, त्या सुमारास बदलीवर आलेले एकटे नोकरदार महिन्याचे मेंबर झाले. त्यांच्यासाठी माळ्यावर फळ्यांच्या भिंती घालून खोल्या काढल्या. एका खोलीला अजून ‘मास्तरांची खोली’ म्हणतात. मास्तर निवृत्त होऊन कधीच गावी गेले, त्यांची छत्री अडकवायची खुंटी मात्र आहे. १९९७ मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा परसात दोन पक्क्या खोल्या बांधल्या. रेल्वे मालवणात येत नाही, कुडाळला उतरून तीसेक किलोमीटर रस्त्यानं यावं लागतं, तरी पाहुणा वाढला.

मी दोन्हीकडे राहिलोय. माळ्यावर वारा छान, कौलांमुळे उकाडा कमी, पण शेजारच्यानं कूस बदलली तरी कळतं आणि न्हाणीघर खाली, सगळ्यांत मिळून. परसातल्या खोलीला स्वतःचा संडास-बाथरूम आहे, पण खिडकी थेट स्वयंपाकघराच्या धुरावर. अकरा वाजता बांगडे तव्यावर पडले की ऑफिसच्या शर्टालाही वास. गरम पाणी चुलीवरच्या हंड्यातलं. आठच्या आत उठलात तर तुमचं. २०२१ च्या तौक्ते वादळात बरेच दिवस वीज नव्हती, त्यानंतर इन्व्हर्टर घेतला. त्यावर दिवे-पंखे चालतात, वायफाय कधी चालतं कधी नाही. व्हिडिओ मीटिंगवाल्यांनी इथं येऊ नये.

आता जेवण. एकाच चुलीवर दोन ताटं होतात. पर्यटकाला सुरमई फ्राय, कोंबडी-वडे, सोलकढी. चांगलंच असतं. मेंबरांना मात्र मासळीच्या संध्याकाळच्या लिलावात जे स्वस्तात गावलं ते: पेडवे, लेपे, कधी मोरी. माझ्या मते मेंबरांचं ताट उजवं. काकी बांगड्याचं तिखलं करताना तिरफळं हलकी ठेचून शेवटी टाकतात, बिया आधी काढून. चमच्यानं ढवळत नाहीत, पातेलं फडक्यात धरून नुसतं हलवतात. तुकडा मोडत नाही आणि रस अंगाबरोबर राहतो.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत काळ्या वाटाण्याचं सांबार, टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या, सुकी मासळी, आणि खाडीच्या तिसऱ्या (शिंपल्या) आल्या तर त्यांची एकशिपी. एकदा मी माशाचं विचारलं तर काकी म्हणाल्या, “ताजो मासो गावाक नाय, शिळो मी वाढूचंय नाय.” विषय संपला. चतुर्थीला स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी बंद. आठवडाभर आधी सांगतात, रुसू नका.

खरी तक्रार डिसेंबरची. सुट्ट्यांत पर्यटक वाढले तशी माझी परसातली खोली न विचारता दुसऱ्याला दिली आणि माझी बॅग माळ्यावर नेऊन ठेवली. महिन्याचं भाडं आगाऊ दिलेलं असताना हे बरोबर नाही. मी तसं बोललो. काकांनी वाद घातला नाही, आठवड्याचं जेवण बिलातून वजा केलं. पण खोली काही परत मिळाली नाही, सीझन संपेपर्यंत माळ्यावरच.

काकांच्या मुलाला माळा पाडून एसी खोल्या काढायच्या आहेत, तारकर्लीला स्कूबाला येणाऱ्या मंडळींसाठी. न्हाणीघरं जरूर सुधारा म्हणेन. माळा गेला तर मेंबर जातील, आणि मेंबर गेले की ते दुसरं ताटही कुणासाठी करायचं?

जत्रेला इथं खोलीची आशा धरू नका. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलानं ठरते. ती जाहीर झाली की काकांचा फोन वाजायला लागतो आणि वर्षानुवर्षं येणारी मुंबईची घरं संध्याकाळपर्यंत सगळं भरून टाकतात. महिन्यानं राहायचं असेल तर पावसाळ्यात विचारा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, पर्यटक नसतो, भाव करता येतो. फोन दुपारी दोन ते चार सोडून करा. त्या वेळी घरात कुणीच उचलत नाही.