जोधपूर की जैसलमेर? कोकणातून निघणाऱ्यांसाठी

भातकापणी आटोपल्यावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातून राजस्थानला निघणाऱ्यांच्या हाती दिवस मोजकेच असतील, तर जोधपूर की जैसलमेर हा प्रश्न पडतोच. इतिहास समजून घेणे हाच हेतू असेल, तर निर्णय विचारपूर्वक घ्यावा, कारण दोन्ही ठिकाणी तो वेगळ्या रीतीने भेटतो.

जोधपूरला तो मांडून ठेवलेला आहे. राव जोधा यांनी १४५९ मध्ये मंडोरहून राजधानी हलवताना ज्याची पायाभरणी केली, त्या मेहरानगडाच्या महालांत आज पालख्या, अंबाऱ्या, शस्त्रे आणि लघुचित्रे यांचे नेटके संग्रहालय आहे. लोहापोळ या दरवाजाजवळच्या भिंतीवरचे, सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे मात्र घाईने पाहू नयेत. वर जायला लिफ्ट असल्याने वडीलधाऱ्यांसाठी जोधपूरच सोयीचे.

जैसलमेरला इतिहास आपला आपण जुळवावा लागतो. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेल्या किल्ल्यात आजही कुटुंबे नांदतात. जैन मंदिरांचे कोरीव खांब पाहून बाहेर पडावे, तो कुणाच्या तरी घराचा उंबरठा समोर येतो. किल्ल्याखालच्या गावातील पटवा या व्यापारी घराण्याच्या पाच हवेल्या एकोणिसाव्या शतकातील आहेत. त्यांच्या झरोक्यांजवळ जाऊन पाहिले, की लाकडातही अवघड वाटावी अशी जाळी पिवळ्या वालुकाश्मात कोरलेली दिसते. हे वैभव उंटांच्या तांड्यांवरील व्यापाराचे होते. समुद्रमार्गे होणारा व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटीला आले आणि तांडे ओसरले; १९४७ च्या फाळणीने सिंधकडची वाटही बंद झाली. ज्या समुद्रावर आपले चौल आणि दाभोळ एके काळी श्रीमंत झाले, त्याच समुद्राने एक वाळवंटी शहर ओस पाडत आणले, हे कोकणी माणसाने तिथे उभे राहून समजून घेण्याजोगे आहे. म्हणून एकच शहर निवडायचे असेल, तर माझा कौल निःसंशय जैसलमेरला.

दोन्ही जमत असतील, तर आधी जोधपूर पाहावे आणि मग रेल्वेने पश्चिमेला जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जैसलमेरचा मुक्काम मात्र किल्ल्यात करू नये. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी बांधलेल्या त्या किल्ल्याच्या टेकडीत नळाचे आणि सांडपाण्याचे पाणी मुरून बुरूज ढासळले आहेत. पाहुण्यांच्या वापराने त्यात भर पडते. खालच्या गावात राहून किल्ला सकाळी लवकर पाहावा.