निओव्हिम, नऊ महिने वापरून झाल्यावर

निओव्हिम म्हणजे टर्मिनलमध्ये, मुख्यतः कीबोर्डवरच चालणारा कोड लिहायचा एडिटर. मागच्या पावसाळ्यात सुरू केलं, आता नऊ महिने झाले, कामाच्या दिवशी आठ-नऊ तास हाच एडिटर उघडा असतो, त्यामुळे आता चार शब्द बोलायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या आल्या असत्या, तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर भजन झालं असतं.

का वळलो तर ऑफिसचा लॅपटॉप ८ जीबीचा, त्यात ब्राउझर, दोन डॉकर कंटेनर आणि जुना एडिटर, चार वाजले की फॅन असा फिरायचा की शेजारचा म्हणायचा यावर भाकरी भाजून घेऊ का. शिवाय आमचं निम्मं काम सर्व्हरवर एसएसएच करून, म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या मशीनमध्ये शिरून, आणि तिथे बऱ्याचदा व्ही-आय, म्हणजे निओव्हिमचा आजोबा, सोडून दुसरं काही नसतंच.

पहिले पंधरा दिवस बेकार गेले. सर्व्हरवरच्या साध्या व्हिममध्ये, म्हणजे ज्यातून निओव्हिम निघाला त्या एडिटरमध्ये, सवयीने सेव्ह करायला कंट्रोल एस दाबलं की स्क्रीन थिजायची, काहीच टाइप होईना, मी आपला खिडकी बंद करून परत लॉगिन, असं चार-पाच वेळा केलं. शेवटी टीममधले एक सीनियर मागून आले, कंट्रोल क्यू दाबलं, सगळं परत चालू, आणि काही न बोलता चहाला गेले. तर कंट्रोल एस म्हणजे टर्मिनलच्या भाषेत 'थांब' आणि कंट्रोल क्यू म्हणजे 'चालू दे', टेलिटाइपच्या, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलच्या, काळातलं हे खूळ अजून जिवंत आहे. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ मध्येच दहा लाख वेळा बघून झाला होता, त्यामुळे लाज वगैरे वाटून घेऊ नका.

एच जे के एल ने कर्सर हलवायचा हा प्रकार मला आधी नुसता आगाऊपणा वाटायचा. पण बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्ही-आय लिहिला तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल होतं, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते, आणि एस्केप, म्हणजे टाइप करणं थांबवून कमांडच्या नॉर्मल मोडमध्ये यायचं बटण, आज जिथे टॅब आहे तिथे होतं. म्हणजे त्याला ते करंगळीशी होतं, आपल्याला कोपऱ्यात जावं लागतं. म्हणून कॅप्सलॉकला एस्केप करा, पहिल्याच दिवशी करा, मी दोन महिने उशिरा केलं आणि मनगटाने हिशोब चुकता केला.

खरी गंमत कळायला सहा आठवडे लागले. ही बटणं पाठ करायची नसतात, ते व्याकरण आहे. डी म्हणजे काढ, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे उचल, आणि पुढे कशाचं ते सांगायचं, हा शब्द, कंसातलं, अवतरणातलं. सी आय आणि कोट दाबलं की अवतरणातला मजकूर गायब आणि टाइप करायला तयार, मग पुढच्या जागी जाऊन नुसता टिंब दाबायचा, तेच परत. मागच्या महिन्यात ३४० ओळींची यादी आली, प्रत्येक ओळीची एसक्यूएल इन्सर्ट, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंद घालायची आज्ञा, बनवायची होती. पहिल्या ओळीवर क्यू ए ने रेकॉर्डिंग चालू, सुरुवातीचा मजकूर, नावाला सिंगल कोट, शेवटी अर्धविराम, खालच्या ओळीवर उतरलो, क्यू, आणि मग ३३९ अ‍ॅट ए, म्हणजे तेच रेकॉर्डिंग ३३९ वेळा. सर्रर्र करून सगळं खाली गेलं, मी खुर्चीत मागे टेकलो आणि क्वेरी चालवली तर फुटली, कारण यादीत एक डिसूझा होते आणि त्यांच्या आडनावातला अ‍ॅपॉस्ट्रॉफी माझ्या कोटाला नडला. पण कोलन अर्लियर ५एम लिहिलं की फाइल पाच मिनिटांपूर्वीसारखी होते, मग आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी दुप्पट केले आणि परत तेच. स्क्रिप्ट लिहूनही झालं असतं, मान्य, पण मजा आली नसती.

याने माझा स्पीड वाढला का, तर नाही. निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यातच जातो, तिथे बोटं कितीही पळाली तरी काय उपयोग. एवढंच की मनातलं आणि स्क्रीनवरचं यात माउस येत नाही.

कॉन्फिग, म्हणजे एडिटरची सेटिंग्ज लिहिणं, हा मात्र रोग आहे. ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिता येतं हे चांगलंच, निओव्हिम २०१४ मध्ये व्हिममधून फुटून निघाला त्याचं सगळ्यात मोठं सुख मला तेच वाटतं, पण मी फक्त खालच्या पट्टीचा रंग जुळवण्यात तीन शनिवार घातलेत. एका प्लगिनच्या अपडेटने ऐन रिलीजच्या सकाळी सर्च बंद पडलं, तेव्हापासून अपडेट फक्त शुक्रवारी संध्याकाळी. आणि भक्तमंडळींनी एक ध्यानात ठेवावं, आपल्या एडिटरमधलं ऑटोकम्प्लीट, डेफिनेशनवर उडी वगैरे ज्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवर चालतं तो मुळात व्हीएस कोड या स्वतःच्या एडिटरसाठी मायक्रोसॉफ्टने काढलाय, तेव्हा नाक मुरडताना जरा बेताने. जावाला आणि डीबगिंगला मी अजून इंटेलिजेच उघडतो.

साइड इफेक्ट म्हणजे नेटहॅकचं व्यसन लागलं. १९८७ चा गेम, ग्राफिक्स म्हणजे नुसती अक्षरं, पण हलायचं त्याच एच जे के एल ने, त्यामुळे बोटं आधीच तयार. निळा ई दिसला, म्हणजे फ्लोटिंग आय नावाचा राक्षस, तो बिचारा जागचा हलत नाही म्हणून तलवारीने मारायला गेलो, मारणाराच लुळा पडतो हे नंतर कळलं, आणि मला एका कुत्र्याने आरामात संपवलं. रात्री दीड वाजता.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, मराठी. मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटने टाइप करतो, आणि लेआउट मराठी असताना एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात की एच जे के एल चं प र क त होतं, व्हिमला ते काय कळणार, तो ढिम्म. यावर कीमॅपची सोय आहे, सिस्टिमचा लेआउट इंग्रजीच ठेवायचा आणि एडिटरच्या आत मराठी, इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करताना, देवनागरी, बाहेर आलं की आपोआप इंग्रजी. एक रविवार बसून माझी फाइल बनवली, झकास चालते. पण माझ्या टर्मिनलवर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि कर्सर एका जागी दिसतो, अक्षर दुसरीकडे उमटतं. म्हणून हे सगळं फोनवर लिहितोय, आणि मधे दोनदा कोलन डब्ल्यू, म्हणजे व्हिमची सेव्हची आज्ञा, टाइप करून झालंय.