सात भागांचं हृदय-फुप्फुस मॉडेल: कुठे शिकवतं, कुठे फसवतं

स्वरयंत्रापासून श्वासपटलापर्यंतचे अवयव एका उभ्या फळीवर बसवलेलं हे प्लास्टिकचं मॉडेल शरीररचना शिकणाऱ्यांच्या ओळखीचं आहे. हृदयाचे दोन भाग, स्वरयंत्राचे दोन, दोन्ही फुप्फुसांचे पुढचे अर्धे भाग आणि बाकी सगळं धरून ठेवणारी फळी, असे मिळून सात. वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, घडण साधारण तीच. मत आधीच सांगायचं तर, छातीत कशाच्या पुढे काय आणि कशाच्या मागे काय हे हाताने शिकायला हे मॉडेल फार चांगलं आहे. फुप्फुसाचं हायलम, म्हणजे श्वसनी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात ती जागा, शिकायला मात्र ते अपुरं पडतं, आणि प्ल्यूरा, म्हणजे फुप्फुसाभोवतीचं दुहेरी आवरण, तर यात नाहीच.

सगळ्यात जमलेला भाग हृदयाचा. पुस्तकातल्या सपाट चित्रामुळे उजवं आणि डावं हृदय शेजारीशेजारी असल्याचा समज पक्का होतो. खरं तर उजवी बाजू बरीचशी पुढे आणि डावी मागे असते. मॉडेल समोर ठेवून पाहिलं तर दर्शनी पृष्ठभागाचा मोठा हिस्सा उजव्या निलयाचा, म्हणजे खालच्या कप्प्याचा, आहे, डाव्याची फक्त कडेची पट्टी दिसते. डावं अलिंद, म्हणजे डावीकडचा वरचा कप्पा, जवळजवळ पूर्ण मागच्या बाजूला. हृदय फळीवरून अलगद उचला, की त्याच्या लगेच मागे अन्ननलिका दिसते. अन्ननलिकेत उतरवलेल्या सोनोग्राफीच्या नळीतून डावं अलिंद इतकं स्वच्छ का दिसतं, आणि डावं अलिंद आणि डावा निलय यांच्यामधली मायट्रल झडप अरुंद होऊन ते अलिंद फुगलं की गिळायला त्रास का होऊ शकतो, याचं उत्तर त्या एका हालचालीत मिळतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही हे मॉडेल घ्यावं.

पण घेण्याआधी हृदयाचा कल तपासा. हृदयाचं टोक डावीकडे, खाली आणि पुढे वळलेलं हवं. जिवंत माणसात ते डावीकडच्या पाचव्या बरगडीखालच्या जागेत, मध्यरेषेपासून साधारण 9 सेंटीमीटरवर असतं. हलक्या प्रतींमध्ये हृदय उभंच्या उभं बसवलेलं असतं. तसं असेल तर वर सांगितलेला पुढचा-मागचा क्रम बिघडतो, आणि अशी प्रत न घेतलेली बरी.

हृदयाची पुढची भिंत काढल्यावर प्रथम दोन्ही निलयांच्या भिंतींची जाडी बघा. डावी भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट हवी. दोन्ही सारख्या दिसल्या तर साचा निष्काळजीपणे केला आहे. मग झडपांचे पडदे मोजा: उजव्या अलिंद-निलयामधल्या ट्रायकस्पिडला तीन, मायट्रलला दोन, महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या झडपांना प्रत्येकी तीन. डाव्या निलयात भिंतीतून आत आलेल्या छोट्या, पॅपिलरी स्नायूंचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटातून निघालेले तंतू मायट्रलच्या दोन्ही पडद्यांना जातात. बऱ्याच प्रतींत एक स्नायू एका पडद्याला जोडून टाकलेला असतो. ही चूक लहान वाटते, पण हार्ट अटॅकमध्ये एकच स्नायू निकामी झाला तरी झडप जोरात का गळते, हे अशा मॉडेलवरून समजणार नाही. शिकवताना आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. पॅपिलरी स्नायू झडप ओढून बंद करत नाहीत. झडप रक्ताच्या दाबाने मिटते. स्नायू आणि तंतू पडद्यांना अलिंदात उलटू देत नाहीत.

उजव्या अलिंदात अंडाकृती खळगा आणि कोरोनरी सायनसचं (हृदयाच्या स्नायूतलं रक्त परत आणणाऱ्या शिरेचं) तोंड या दोन खुणा शोधा. सायनसचं तोंड अधोमहाशीर (शरीराच्या खालच्या भागातलं रक्त आणणारी मोठी शीर) आणि ट्रायकस्पिड झडप यांच्या मधे असतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या महाधमनीच्या झडपेच्या अगदी वर सुरू होतात. पृष्ठभागावर त्या लाल रंगाने छान काढलेल्या असतात, पण उगमाचं छिद्र आतून दिसतं का, ते टॉर्च मारून पाहा. नसेल तर विद्यार्थ्याला त्या धमन्या हृदयावर नुसत्या चिकटवल्यासारख्या वाटतात.

रंगांबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक गोंधळ इथे होतो. निळा रंग कमी ऑक्सिजनच्या रक्ताचा, लाल जास्त ऑक्सिजनच्या; म्हणून फुप्फुसधमनी निळी आणि फुप्फुसशिरा लाल हवी. धमनी म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणारी, शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी. आतल्या रक्तात ऑक्सिजन किती, याच्याशी या नावांचा संबंध नाही. काही प्रतींत सगळ्या धमन्या सरसकट लाल रंगवलेल्या असतात, आणि त्या सरळ परत कराव्यात. फुप्फुसशिरा प्रत्येक बाजूला दोन, अशा एकूण चार मोजून घ्या. निलयांमधला पडदा सलग हवा. त्यात अदृश्य छिद्रं आहेत असं प्राचीन वैद्य गॅलेनने मानलं होतं आणि ते मत शतकानुशतकं टिकलं; रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं हे अरब वैद्य इब्न अल-नफीस यांनी 13व्या शतकात लिहिलं. या मॉडेलवर तोच मार्ग बोटाने गिरवता येतो: उजवा निलय, फुप्फुसधमनी, फुप्फुस, शिरा, डावं अलिंद. दोन-तीन वेळा गिरवला की पाठांतराची गरज उरत नाही.

श्वासनलिका समाधानकारक आहे. कूर्चेच्या कड्या मागे उघड्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या आहेत का ते मागून चाचपून पाहा. अन्ननलिका तिथेच टेकते. उजवी मुख्य श्वसनी (श्वासनलिकेची उजव्या फुप्फुसाकडे जाणारी फांदी) आखूड, साधारण 2.5 सेंटीमीटर, जास्त रुंद आणि जास्त उभी असते. डावी सुमारे 5 सेंटीमीटर लांब. श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे का सापडतो, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आता फुप्फुसं. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोन, फटी ठळक, हृदयासाठीची खाच डावीकडे. इथपर्यंत ठीक. अडचण अशी की फुप्फुसाचा फक्त पुढचा अर्धा भाग निघतो आणि मागचा फळीला पक्का असतो. त्यामुळे फुप्फुस हातात घेऊन आतली बाजू वळवून पाहता येत नाही, आणि परीक्षेत विचारतात ते नेमकं तेच. हायलममध्ये श्वसनी सर्वांत मागे आणि शिरा पुढे व खाली असतात. धमनी डावीकडे श्वसनीच्या वर, उजवीकडे श्वसनीच्या पुढे असते. शिवाय उजवीकडे वरच्या खंडाची श्वसनी धमनीच्याही वर निघते. कापलेल्या अर्ध्या फुप्फुसात हा क्रम अर्धवट दिसतो. त्यासाठी अखंड सुटं फुप्फुस असलेलं वेगळं मॉडेल किंवा विच्छेदनगृहातला नमुनाच हवा.

नसा जवळपास नसतातच. त्या स्वतः घाला. दोन रंगांची लोकर पुरते. एका रंगाचा धागा हायलमच्या पुढून श्वासपटलापर्यंत न्या, ती श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस. दुसरा हायलमच्या मागून अन्ननलिकेकडे, ती मेंदूपासून छाती-पोटाकडे उतरणारी व्हेगस नस. डाव्या व्हेगसमधून एक फाटा काढून महाधमनीच्या कमानीखालून वळवा आणि श्वासनलिका-अन्ननलिकेमधल्या खाचेतून स्वरयंत्रापर्यंत वर न्या; हाच फाटा स्वरयंत्राचे स्नायू हलवतो. छातीतल्या गाठीमुळे आवाज का बसतो, हे या धाग्याने लगेच कळतं. चिकटपट्टी कागदी वापरा. पारदर्शक पट्टी निघताना रंग घेऊन येते.

प्ल्यूरासाठी अर्धवट फुगवलेल्या फुग्यात मूठ दाबा. मुठीला चिकटलेला थर आतला, बाहेरचा थर छातीच्या भिंतीचा, मधली फट म्हणजे प्ल्यूराची पोकळी. मग आकडे लक्षात ठेवायला सोपे जातात. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड पुढून मागे सहाव्या, आठव्या, दहाव्या बरगडीवर असते आणि प्ल्यूराची आठव्या, दहाव्या, बाराव्या. मधल्या दोन बरगड्यांच्या फरकात पाणी साठतं. सुई घालताना खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालायची, कारण मुख्य शीर, धमनी आणि नस वरच्या बरगडीच्या खालच्या खाचेत असतात. मॉडेलमध्ये बरगड्याच नसल्यामुळे हे सगळं सांगाड्याजवळ उभं राहूनच शिकावं लागतं.

श्वासपटलावर तीन मार्ग शोधा: अधोमहाशीर छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीला, अन्ननलिका दहाव्या, महाधमनी बाराव्या. महाधमनी स्नायूला भोक पाडून जात नाही, त्याच्या मागून जाते. स्वस्त प्रतींत तिन्ही भोकं एकाच ओळीत पाडलेली असतात.

जोडणीत मोडतात त्या खुंट्या. भाग वाकवून काढू नका, सरळ पुढे ओढा. परत लावताना आधी हृदय, मग फुप्फुसांचे पुढचे भाग. उलट केलं तर फुप्फुसाची कड हृदयावर घासते आणि महिन्याभरात कोरोनरीचा रंग उडतो. लोहचुंबकाने बसणारी प्रत मिळाली तर तीच निवडा. पुसायला कोमट पाणी आणि सौम्य साबण. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर लागला की रंग विरघळतो. सोबतच्या तक्त्यावरचे आकडे पहिल्याच दिवशी मॉडेलवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. अदलाबदल सर्वांत जास्त सापडते ती फुप्फुसशिरा आणि फुप्फुसधमनीच्या फांद्यांमध्ये.