लिओपोल्ड की माँडेगार?

मुंबईत प्रथमच येणाऱ्या तरुण प्रवाशाकडे कुलाब्यासाठी एकच संध्याकाळ असेल, तर १८७१ पासूनचे लिओपोल्ड कॅफे आणि रीगल चित्रपटगृहाशेजारचे, १९३२ सालचे कॅफे माँडेगार यांतून मी माँडेगारच सुचवेन. तेथे भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची गजबजलेली चित्रे आहेत, ज्यूकबॉक्स (हवे ते गाणे निवडून वाजवायचे यंत्र) आहे, आणि टेबले इतकी खेटून मांडलेली असतात की बिअरचा पहिला ग्लास संपण्याआधीच शेजारच्यांशी गप्पा सुरू होतात. लिओपोल्डमध्ये वरच्या मजल्यावरही बार असल्याने मोठ्या गटाची सोय होते. मात्र २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा तेथे जपलेल्या आहेत, त्यांच्यासमोर क्षणभर थांबावेच. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून दोन्हीकडे ओळखपत्र जवळ ठेवावे.