नर्सिंग प्रवेशाचे सशुल्क मार्गदर्शन: एका पालकाचा अभिप्राय

बारावीनंतर मुलीला नर्सिंगला घालायचे ठरल्यावर पुण्यातील एका खासगी मार्गदर्शन केंद्राची आम्ही तासाभराची भेट घेतली. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही 3 वर्षांची पदविका आणि बीएस्सी नर्सिंग ही 4 वर्षांची पदवी यांतील फरक तेथील बाईंनी उत्तम समजावला: जीएनएमला कला शाखेचीही मुलगी जाऊ शकते, पदवीला मात्र जीवशास्त्रासह विज्ञान शाखा लागते, आणि जीएनएम झालेल्यांना पुढे 2 वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीने पदवी मिळवता येते. एम्स रुग्णालयांतील नर्सिंग ऑफिसर भरतीच्या नॉरसेट परीक्षेला पदवीधर थेट बसू शकतात, तर जीएनएमधारकांना किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, हा मुद्दा आम्हांला कोणी सांगितलाच नव्हता.

खटकले ते पुढेच. महाविद्यालयांची नावे सुचवताना त्यांना भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, सरावासाठी स्वतःचे रुग्णालय आहे का, याची उत्तरे मोघम मिळाली. परदेशातील पगाराचे आकडे मात्र तोंडपाठ होते. अभ्यासक्रम समजून घेण्यापुरते शुल्क वसूल झाले. महाविद्यालय आम्ही स्वतः पाहूनच निवडले.