ऑर्का ६ : फुकट मिळतं, पण पेपरपर्यंत नेताना काय बघावं

जर्मनीत म्यूलहाइमच्या माक्स प्लांक कोळसा-संशोधन संस्थेत फ्रांक नेझे यांच्या गटाने घडवलेलं ऑर्का हे क्वांटम-रसायनशास्त्राचं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी फुकट आहे. जुलै २०२४मध्ये ६वी आवृत्ती आल्यापासून रेणूंच्या क्वांटम गणितासाठी विद्यापीठातल्या गटाने पैसे मोजावेतच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ऑर्कावर गणित चालवणं सोपं आहे. तेच गणित पेपरात मांडून रिव्ह्यूअरपुढे टिकवायचं, तर ऑर्काने आपल्या वतीने न विचारता काय काय निवडलं, ते माहीत असावं लागतं. हा रिव्ह्यू मुख्यतः त्याबद्दल आहे.

इन्स्टॉल करणं म्हणजे नोंदणी करून फाइल उतरवणं आणि उलगडणं, कंपाइल काहीच करायचं नाही. अडतं ते समांतर चालवताना. फाइलीच्या नावात ओपनएमपीआयची (काम अनेक कोअरांवर वाटणाऱ्या लायब्ररीची) आवृत्ती दिलेली असते. शेवटी ४१६ असेल तर ४.१.६ हवी, क्लस्टरवर आधीच असलेली दुसरी कुठली तरी चालवू नये. ऑर्का नेहमी पूर्ण पाथ देऊन बोलवावं. पुढे एमपीआयरन (समांतर जॉब सुरू करणारी कमांड) लावू नये, ते काम ऑर्का आतून स्वतः करतं. नवशिक्यांचे निम्मे जॉब या दोन कारणांनीच पहिल्या मिनिटाला पडतात.

इनपुट फाइल वाचायला सुटसुटीत. उद्गारचिन्हाच्या ओळीत पद्धत आणि काम, मग कोअर व मेमरी, मग चार्ज, स्पिन मल्टिप्लिसिटी आणि कोऑर्डिनेट्स (अणूंच्या जागा). मेमरी ठरवणाऱ्या मॅक्सकोअरचा आकडा मात्र एमबीमध्ये आणि दर कोअरमागे असतो, पूर्ण जॉबचा नव्हे. ४८ कोअर आणि १९२ जीबीचा नोड असेल, तर पाऊण मेमरी म्हणजे १४४ जीबी धरून मॅक्सकोअर ३०००. ऑर्का ही मर्यादा मध्येच ओलांडतं, म्हणून वरची पाव मेमरी मोकळी सोडायची. कपल्ड क्लस्टर या अचूक पण महागड्या पद्धतीच्या जॉबला ४८ कोअर देण्यापेक्षा १६ कोअर आणि ९००० द्यावं. मेमरी तेवढीच लागते, पण जॉब पुरा होतो. तात्पुरत्या फाइली ऑर्का चालू फोल्डरमध्येच लिहितं. ते फोल्डर नेटवर्कवरच्या डिस्कवर असेल तर तुमच्यासोबत बाकीच्यांचेही जॉब रखडतात. नोडच्या स्थानिक स्क्रॅचवर (तात्पुरत्या डिस्कवर) चालवून जीबीडब्ल्यू (ऑर्बिटलची फाइल), हेसियन (कंपनांच्या गणिताची फाइल) आणि आउटपुट परत आणायची सोय सबमिट स्क्रिप्टमध्येच करावी. वॉलटाइम (जॉबला नेमून दिलेला वेळ) संपून जॉब मेला तरी त्या फाइली परत येतील अशी.

आता प्रोजेक्टची आखणी. सरधोपट उदाहरण घेऊ: साठेक अणूंचा उत्प्रेरक आणि सब्स्ट्रेट, दोन स्पर्धक ट्रान्झिशन स्टेट (अभिक्रियेच्या वाटेवरचे ऊर्जेचे माथे), आणि कुठलं उत्पादन जास्त मिळेल हा प्रश्न. २९८ केल्विनला १.३६ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक म्हणजे वेगात दहापट. एक किलोकॅलरी चूक असलेल्या पद्धतीने ६०:४० आणि ८०:२० यांत फरक करू पाहणारा प्रोजेक्ट कागदावरच सोडून द्यावा. प्रयोगातलं गुणोत्तर ९५:५च्या पुढचं असेल तर हात घालायला हरकत नाही.

पहिलं काम कन्फॉर्मर, म्हणजे बंध फिरवून होणाऱ्या एकाच रेणूच्या वेगवेगळ्या रचना, शोधणं. ६व्या आवृत्तीत त्यासाठी गोट हे साधन आलं आहे, आणि या आवृत्तीतली माझ्या मते सर्वांत कामाची भर तीच. ६.०मध्ये ते एक्सटीबी या झटपट अंदाजी पद्धतीवर चालवायचं तर एक्सटीबीची बायनरी वेगळी आणून ऑर्काच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. कन्फॉर्मर न शोधता हाताने काढलेल्या एकाच रचनेवर अख्खा ऊर्जा-आलेख उभा करणं, हे पेपर परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण. आणि ट्रान्झिशन स्टेटलाही कन्फॉर्मर असतात, हे विसरलं जातं.

भूमिती आणि कंपनांच्या फ्रिक्वेन्सीसाठी आरटूस्कॅन-३सी ही डीएफटी (इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेली) पद्धत. बॉनच्या ग्रिमे गटाची ही पद्धत स्वतःचा बेसिस सेट (ऑर्बिटल बांधायची गणिती फलनं) आणि डिस्पर्शन (क्षीण आकर्षणाची दुरुस्ती) सोबत घेऊन येते, तेव्हा त्यापुढे डेफ२-टीझेडव्हीपी हा बेसिस सेट किंवा डी३ ही डिस्पर्शन दुरुस्ती जोडण्याचा मोह आवरावा. ट्रान्झिशन स्टेटसाठी एनईबी-टीएस (दोन टोकांमधला मार्ग शोधून माथा गाठणारी पद्धत) उत्तम चालतं, एका अटीवर: अभिक्रियाकारक आणि उत्पादन या दोन्ही फाइलींत अणूंचा क्रम एकच हवा. सातव्या ओळीवरचा हायड्रोजन दुसऱ्या फाइलीत नवव्यावर असला, तर ऑर्का तक्रार न करता दोन हायड्रोजन हवेतून अदलाबदल करणारा मार्ग काढून देतं. ऊर्जा शंभर किलोकॅलरींच्या वर गेली की आधी क्रम तपासावा.

मिळालेल्या रचनेला नेमकी एक इमॅजिनरी (आउटपुटमध्ये उणे दिसणारी) फ्रिक्वेन्सी हवी, आणि ती ज्या बंधाबद्दल बोलतोय त्याच बंधाच्या हालचालीची हवी. आकडा पाहून भागत नाही, ॲव्होगॅड्रोसारख्या प्रोग्रॅममध्ये ती हलताना बघावी आणि आयआरसीने (माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या मार्गाने) दोन्ही टोकं खरंच अपेक्षित रेणूंशी पोचतात का, हे तपासावं. शेजारी आणखी एखादी उणे २० प्रति सेंटिमीटरची दिसली, तर ती बहुधा मिथाइल गटाच्या फिरण्याची किंवा गणिताच्या ग्रिडच्या खडबडीतपणाची. डेफग्रिड३ (बारीक ग्रिड) आणि टाइटऑप्ट (काटेकोर ऑप्टिमायझेशन) लावून पुन्हा चालवावं. नाहीच गेली तर त्या मोडच्या दिशेने रचना थोडी सरकवून ऑप्टिमाइझ करावी. ‘लहान आहे म्हणून दुर्लक्ष केलं’ हे वाक्य एसआयमध्ये (पेपरच्या पुरवणी माहितीत) शोभत नाही.

मुक्त ऊर्जेचा हिशेब हाताने जुळवावा लागतो आणि इथेच गडबडी होतात. आउटपुटमध्ये जी-वजा-ई(इलेक्ट्रॉनिक) अशी एक ओळ छापून येते, ती औष्णिक भर. तिच्यात वरच्या पातळीवरची सिंगल पॉइंट (भूमिती न बदलता काढलेली) ऊर्जा मिळवायची. ती व्हॅक्यूममध्ये काढली असेल, तर त्याच भूमितीवर एसएमडी या द्रावकाच्या मॉडेलसह आणि एसएमडीशिवाय डीएफटी चालवून फरक जोडायचा. मग प्रमाण स्थिती. ऑर्काचा आकडा १ ॲटमॉस्फिअरचा असतो. द्रावणातल्या अभिक्रियेला १ मोलार हवं, म्हणजे दर रेणूमागे १.८९ किलोकॅलरी अधिक. दोन रेणू मिळून एक ट्रान्झिशन स्टेट होत असेल तर अडथळा १.८९ने उतरतो, म्हणजे वेग सुमारे २४पट वाढतो. दोन ट्रान्झिशन स्टेटची आपसात तुलना करताना ही दुरुस्ती कटते, म्हणून ती लावायची राहिली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मग प्रायोगिक वेगाशी तुलना करणारा तक्ता आला की पितळ उघडं पडतं. शंभर प्रति सेंटिमीटरच्या आसपासच्या आणि खालच्या कंपनांची एन्ट्रॉपी ऑर्का ग्रिमेंच्या क्वासी-आरआरएचओ पद्धतीने आपणहून सावरतं. चांगलंच आहे, पण पेपरात लिहायला हवं.

वरच्या पातळीसाठी डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी), म्हणजे कपल्ड क्लस्टरचं स्वस्त केलेलं रूप, हे ऑर्काचं खरं भांडवल. साठ अणूंवर कपल्ड क्लस्टर साध्या क्लस्टर-नोडवर उरकतं. दोन सेटिंग मात्र तपशिलात लिहाच. एक, नॉर्मलपीएनओ की टाइटपीएनओ (अंदाज किती काटेकोर): कटऑफ अनुक्रमे ३.३३×१०⁻⁷ आणि १०⁻⁷. एका आलेखातल्या सगळ्या रचनांना एकच सेटिंग हवं. दुसरं, नुसतं (टी) लिहिलं की ट्रिपल्सची (तीन इलेक्ट्रॉन एकदम उडवणाऱ्या भागाची) अर्धी-कॅनॉनिकल, टी-शून्य पद्धत चालते. इटरेटिव्ह हवी तर (टी१) स्पष्ट मागावी लागते, डिस्कही जास्त लागते.

न सांगता होणाऱ्या निवडींत सर्वांत जुना सापळा बी३एलवायपी या डीएफटी फंक्शनलचा. ऑर्काचं बी३एलवायपी व्हीडब्ल्यूएन५ हे सूत्र वापरतं, गॉसियन या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं व्हीडब्ल्यूएन३. नाव एकच, एकूण ऊर्जा वेगळ्या. सहकारी गॉसियनवर असेल तर दोघांचे आकडे एका वजाबाकीत घालू नयेत. जुळवायचेच असतील तर ऑर्कात नावापुढे स्लॅश जी लावावं. आवृत्ती ५पासून हायब्रिड फंक्शनलला आरआयजेकॉसएक्स हे वेग वाढवणारं अंदाजीकरण आपोआप लागतं. सिंगल पॉइंटला त्याच नावाची जुनी जीबीडब्ल्यू फाइल शेजारी दिसली की तिचे ऑर्बिटल उचलले जातात. लोहाच्या संकुलाचं हाय-स्पिन चालवलेल्या फोल्डरमध्ये त्याच नावाने लो-स्पिन चालवलं की भलत्याच अवस्थेवर कन्व्हर्ज होण्याची आयती सोय. वेगळं फोल्डर किंवा नोऑटोस्टार्ट (जुने ऑर्बिटल न उचलण्याची सूचना), आणि दर वेळी एस-वर्ग (स्पिनची कसोटी) व स्पिन पॉप्युलेशनवर नजर. ‘हुर्रे’ छापून आलं म्हणजे भूमिती स्थिरावली एवढंच.

प्रकाशनाच्या बाजूने ऑर्का उदार आहे. आउटपुटच्या शेवटी त्या गणितासाठी कुठले पेपर उद्धृत करावेत याची यादी येते. ती जशीच्या तशी संदर्भात घालण्याऐवजी वाचून निवडावी. एसआयमध्ये दर रचनेची कोऑर्डिनेट्स, एकूण ऊर्जा हार्ट्रीत, औष्णिक भर, इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी, आणि आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत. कोऑर्डिनेट्स पीडीएफमध्ये कोंबू नका. तिथून कॉपी करताना उणे चिन्हाचा लांब डॅश होतो आणि वाचणाऱ्याची फाइल उघडत नाही. एक्सवायझेड फाइली, इनपुट आणि आउटपुट झेनोडो या खुल्या भांडारावर चढवून डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घ्यावा. एका नोंदीला ५० जीबीची मर्यादा आहे, तेव्हा जीबीडब्ल्यू फाइली गाळाव्यात. केमआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (पेपरचा छपाईआधीचा मसुदा) टाकण्याआधी ठरवलेल्या जर्नलचं धोरण वाचावं.

त्रुटी दोन. सोर्स कोड बंद आहे, त्यामुळे पद्धतच बदलून बघायची असेल तर साय४ किंवा पायएससीएफ या खुल्या सॉफ्टवेअरकडे जावं. दुसरी लायसन्सची: उद्योगांना ते फॅक्ट्स कंपनीकडून विकत घ्यावं लागतं. पुणे-मुंबईच्या औषध कंपन्यांसोबत प्रायोजित काम करणाऱ्या महाविद्यालयीन गटांनी कराराची सही होण्याआधीच लायसन्सची अट वाचावी. आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या सामायिक यंत्रावर खातं असलं, तरी ऑर्काची नोंदणी ज्याने त्याने स्वतःच्या नावाने करायची असते.