डोंबिवली पूर्वेच्या टपरीवरचं कटिंग

१९८५ साली मी फोर्टात नोकरीला लागलो, तेव्हा 'कटिंग' हे काही मापाचं नाव नव्हतं. खिसा बघून आम्ही दोघं एकच चहा सांगायचो, 'कटिंग करून दे' म्हणायचो आणि चहावाला तो दोन ग्लासांत निम्मानिम्मा ओतायचा. कटिंगला जोडीदार लागायचा.

परवा स्टेशनजवळच्या टपरीवर एकटाच गेलो. 'एक कटिंग' म्हटलं, तर उभ्या रेषांचा छोटा ग्लास काठोकाठ भरून आला. आलं डोळ्यांसमोर ठेचलं होतं, चहा फडक्यातून गाळलेला, साखर बेताची. पहिल्या घोटालाच घसा मोकळा झाला. १२ रुपयांत असा चहा आमच्या भागात दुसरीकडे मिळत नाही. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं 'फुल कटिंग' मागितलं, मालकानं निमूट मोठा ग्लास भरला. अर्धा आणि पूर्ण एकाच दमात! मला तो शब्द ऐकून फार बरं वाटलं, जिवंत आहे अजून.

उणीव एकच: संध्याकाळी सहानंतर ग्लास संपतात आणि कागदी कप येतो. त्यात ती चव लागत नाही. सकाळीच जा.